वहीतले आकडे आणि पृथ्वीचे पोट
(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण झाली, या आनंदाच्या प्रसंगी आपण मला बोलावयास उभे केले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा वेळी संस्थेची स्तुती करावी असा रिवाज आहे, आणि आपली संस्था स्तुतीस पात्र आहे यात शंका नाही. परंतु माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते काम इतके चांगले केले आहे की माझ्यासाठी त्यातले फारसे काही शिल्लक राहिलेले नाही. मी शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकविणारा मनुष्य. तेव्हा माझ्या विषयातलेच थोडे बोलावे असे ठरवून आलो आहे. पृथ्वीचे चुंबकत्व, भूकंप, समुद्राचा तळ यांच्या ज्या नोंदी जगभर होतात, त्या कोण ठेवतो, कोठे ठेवतो आणि एकमेकांना कशा देतो, हा तो विषय. मास्तर लग्नाच्या मांडवात व्याकरण सांगू लागले, असे कोणास वाटले तर त्याचा दोष नाही. बीदर-कलबुर्गीहून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तरी हा विषय आपल्या कार्यालयाच्या मागच्या माळवदाच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचतो. कसा, ते ओघाने येईलच.

प्रथम मुंबईस जाऊ. कुलाब्याच्या टोकास ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा बांधली. हेतू व्यापारी होता: जहाजांना घड्याळे बरोबर लावता यावीत आणि तारे पाहता यावेत. १८४१ पासून तेथे चुंबकसूचीच्या नोंदी होऊ लागल्या. त्याचे कारण जर्मनीत होते. गॉटिंगेन येथील गणिती गाउस आणि त्यांचे सहकारी वेबर यांनी १८३० नंतरच्या दशकात एक विचार मांडला होता, की पृथ्वीचे चुंबकत्व समजावयाचे असेल तर एका गावी बसून उपयोग नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घटकेस, गॉटिंगेनचे घड्याळ प्रमाण मानून, दर पाच मिनिटांनी, दूरदूरच्या ठिकाणी सर्वांनी एकदमच सूची पाहावी व आकडे एकत्र करावेत. तार सुद्धा नीट सुरू झालेली नव्हती त्या काळची ही गोष्ट आहे. इंग्रजांनी ही कल्पना उचलली आणि कंपनीच्या मुलखात मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई या ठिकाणी ते काम सुरू झाले.

येथे आपल्या मराठी माणसांचा एक धागा आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांना आपण वृत्तपत्रांचे जनक म्हणून ओळखतो, कुलाब्याच्या वेधशाळेची देखरेख काही काळ त्यांच्याकडे होती. आणि केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून जे प्रसिद्ध झाले, त्यांनी आपले तरुणपण याच वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली आकडे टिपण्यात घालविले. मोठ्या गणित्याची सुरुवात दर तासाला एक अंक वहीत उतरविण्यापासून झाली, हे आमच्या शाळेतील मुलांना मी मुद्दाम सांगतो, कारण प्रयोगवही लिहिण्याचा त्यांना फार कंटाळा आहे.

आता १८५९ साली या वह्यांचे काय झाले ते ऐका. १ सप्टेंबर रोजी इंग्लंडात रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे ज्योतिषी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत होते. दुपार होण्याच्या सुमारास त्यांना डागांजवळ एकाएकी लख्ख प्रकाश दिसला, आणि काही मिनिटांत तो मावळला. त्यानंतर एक दिवसही पुरा झाला नाही तोच पृथ्वीच्या चुंबकत्वात असा प्रक्षोभ झाला की युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बंद पडली, काही तारघरांत ठिणग्या उडाल्या, आणि जो रंगीत प्रकाश ध्रुवाजवळच दिसावयाचा तो उष्ण कटिबंधापर्यंत दिसला. इंग्लंडातील वेधशाळांत त्या वेळी प्रकाशलेखी यंत्रे बसविलेली होती. म्हणजे सूचीची हालचाल कागदावर आपोआप उमटे. ही यंत्रे नवी आणि नामी. परंतु वादळ इतके मोठे की रेघ कागदाच्या बाहेर निघून गेली!

कुलाब्यास त्या वेळी असली यंत्रे नव्हती. तेथे माणूस बसलेला होता. एरवी तासातून एकदा, आणि सूची अस्वस्थ झाली की दर पंधरा मिनिटांनी, दर पाच मिनिटांनी तो पाही आणि वहीत लिही. कागद संपला म्हणून माणसाचे डोळे थांबत नाहीत. २ सप्टेंबरच्या सकाळी सूचीचे आडवे बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले ते त्याने टिपले. हे माप अपरिचित वाटेल. मुंबईत हे बल एकंदर जेवढे असते त्याच्या सुमारे चार टक्के, एवढे समजले तरी पुरे. एरवी दिवसभरातली चढउतार याच्या मानाने अगदीच किरकोळ असते.

ही वही पुढे जवळजवळ दीडशे वर्षे मुंबईतच राहिली. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि ॲलेक्स या चार शास्त्रज्ञांनी ते आकडे काढून, तपासून, जगापुढे मांडले, तेव्हा १८५९ चे वादळ नक्की केवढे होते हे मोजून सांगता आले. यांतील लाखिना व ॲलेक्स हे मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले. याचे मोल काय, असे कोणी विचारील. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात असल्याच एका, पण पुष्कळच सौम्य, वादळाने साठ लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास घालविली. आज वीज, उपग्रह, विमाने, भ्रमणध्वनी सर्वच या एका धाग्यावर लटकलेले आहे. जास्तीत जास्त वाईट काय होऊ शकते, याचा अंदाज ज्यांना करावयाचा असतो, त्यांना कुलाब्याच्या त्या सकाळच्या पानाकडे यावे लागते. ज्याने ते पान लिहिले त्याला वीज, उपग्रह यांची कल्पना असणे शक्य नव्हते. ज्यांनी ते रद्दीत घातले नाही त्यांनाही नव्हती.

या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे पारशी गृहस्थ. १८९६ साली त्यांनी सूत्रे घेतली. थोड्याच वर्षांत मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने सूची बहकते, म्हणजे साठ वर्षांची परंपरा बुडाली. मूस यांनी ट्रामला विरोध करीत बसण्याऐवजी समुद्रापलीकडे अलिबागेस जागा शोधली. तेथील इमारतीत लोखंड वापरले नाही. चुंबकाला न ओढणारा पोरबंदरचा दगड आणविला. परंतु त्यांचे खरे शहाणपण माझ्या मते पुढेच आहे. १९०४ साली अलिबाग सुरू झाले तरी त्यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. सुमारे दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे कुलाब्याचा आकडा आणि अलिबागेचा आकडा यांत जागेमुळे पडणारा फरक किती, हे कळले, आणि जुनी माळ नव्या माळेत ओवता आली. म्हणूनच १८४१ पासून आजपर्यंतची ही मालिका जगातल्या फार थोड्या दीर्घ मालिकांपैकी एक मानली जाते. दुकान नव्या जागी नेताना जुन्या खातेवहीची बाकी नव्या खातेवहीच्या पहिल्या पानावर ओढून घ्यावी लागते, हे येथे बसलेल्या व्यापारी मंडळींना मी काय सांगावे! १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतचे आकडे, विवेचनासह, दोन खंडांत छापून टाकले. छापले म्हणजे एकाचे हजार झाले. एक जळाले तरी बाकीचे राहतात.

‘जळाले तरी’ हे शब्द मी बीदरमध्ये बोलतो आहे, तेव्हा महमूद गवानांची आठवण होणारच. १४७२ साली त्यांनी येथे मदरसा बांधला. त्यातील कुतुबखान्यात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने इमारतीचा एक भाग उडाला; आज एक मनार उभा आहे आणि दुसऱ्याची जागा रिकामी. त्या हस्तलिखितांपैकी एकही आज तेथे नाही. परंतु गवानांनी स्वतः लिहिलेल्या पत्रांचा संग्रह, ‘रियाज-उल-इन्शा’, मात्र आजही वाचावयास मिळतो. कारण त्याच्या नकला होऊन निरनिराळ्या शहरांत, निरनिराळ्या मुलखांत गेल्या होत्या. पुढे हैदराबादेस तो छापूनही निघाला. एके ठिकाणी राखलेले गेले, वाटलेले राहिले.

जगाच्या शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट १९५७ साली नियमात बसविली. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळला गेला. वर्ष म्हणावयाचे, पण होते दीड वर्षाचे. साठांहून अधिक देश त्यात होते. रशिया-अमेरिका एकमेकांवर अणुबाँब रोखून बसलेले असताना त्यांच्या शास्त्रज्ञांनी असे ठरविले, की या काळात जमविलेल्या सर्व नोंदी जागतिक केंद्रांत ठेवाव्यात. एक केंद्र अमेरिकेत, दुसरे रशियात, तिसरे पश्चिम युरोप, जपान वगैरे देशांत वाटून. एकाच नोंदीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावयाच्या, म्हणजे एकावर संकट आले तरी दुसरे राहील, आणि कोणत्याही देशाच्या अभ्यासकाने मागितले तर द्यावयाचे. शत्रूनेही मागितले तरी! ही व्यवस्था शीतयुद्धाच्या सर्व वर्षांत टिकली. २००८ पासून तिची नवी रचना झाली आहे. भूचुंबकत्वाचे असे एक जागतिक केंद्र भारतीय भूचुंबकत्व संस्था चालविते. या संस्थेचे मुख्य ठाणे आता नवीन पनवेलला आहे, म्हणजे कुलाबा-अलिबागेच्या वह्यांचा वारसा मराठी मुलखातच राहिला आहे.

सगळेच लोक उदार होऊन देतात असे मात्र नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६० नंतर अमेरिकेने जगभर सव्वाशेच्या आसपास ठिकाणी एकाच घडणीची भूकंपमापक यंत्रे बसविली. आपल्याकडे पुणे, दिल्ली, शिलाँग व कोडाईकनाल येथे ती होती. खरा हेतू रशियाच्या जमिनीखालील अणुस्फोटांवर कान ठेवण्याचा. परंतु या यंत्रांच्या आलेखांच्या प्रती कोणीही मागवाव्यात असा नियम केल्यामुळे, पाळत ठेवण्यासाठी केलेल्या खर्चातून भूकंपांचे शास्त्रच नव्याने उभे राहिले. उलट अमेरिकेच्या नौदलाने उपग्रहाने केलेली समुद्राच्या पृष्ठभागाची मोजणी कित्येक वर्षे कुलुपात ठेवली. १९९५ साली ती खुली झाली आणि दोन वर्षांत तिच्या आधाराने साऱ्या समुद्रतळाचा नकाशा तयार झाला. आपल्या देशातही किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाची माहिती संरक्षणाच्या कारणाने सर्रास मिळत नाही. काही बाबतींत ते योग्यही असेल. पण कुलूप लावणाऱ्याने किल्ली कोणाकडे आहे याची नोंद तरी ठेवावी.

आता समुद्राकडे वळू. समुद्राची खोली पूर्वी दोरीला शिसे बांधून मोजीत. एक माप घेण्यास तास-दोन तास लागत. १९०३ साली मोनॅको या चिमुकल्या राज्याचे राजे पहिले आल्बेर यांच्या पुढाकाराने सर्व देशांची अशी मापे एकत्र करून जगातील महासागरांच्या खोलीचा नकाशा करण्याचे ठरले. ते काम अद्याप चालू आहे. आता जहाजातून ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली काढतात. तरीही २०२५ च्या मध्यापर्यंत समुद्रतळाचा जेमतेम २७ टक्के भाग नीट मोजून झाला आहे. बाकीच्याचा उपग्रहावरून केलेला ढोबळ अंदाज आहे, एवढेच. २०१४ च्या मार्चमध्ये मलेशियाचे प्रवासी विमान दक्षिण हिंदी महासागरावर नाहीसे झाले, तेव्हा शोधणाऱ्यांना प्रथम तळाचा नकाशाच करावा लागला. विमान सापडले नाही. पण ऑस्ट्रेलियाने त्या शोधात जमविलेली तळाची सर्व मापे २०१७ पासून जगाला खुली केली. ज्यांची माणसे गेली त्यांचे दुःख त्याने कमी झाले असे मी म्हणणार नाही. परंतु ते आकडे आता कोणाच्याही कामास येऊ शकतात.

या हिंदी महासागरातूनच एक मोठा शोध लागला, आणि त्याचा आपल्या पायाखालच्या जमिनीशी सरळ संबंध आहे. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांच्या सुमारे चाळीस जहाजांनी मिळून हा महासागर पाहिला. आपले ‘किस्तना’ हे नौदलाचे जहाज त्यात होते, आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही १ जानेवारी १९६६ रोजी त्याच मोहिमेतून जन्मली. या मोहिमेत इंग्रजांच्या ‘ओवेन’ जहाजाने १९६२ साली अरबी समुद्राकडील कार्ल्सबर्ग नावाच्या पाण्याखालील डोंगररांगेवर चुंबकत्व मोजले. खडकात एक पट्टा सुलट, दुसरा उलट, असे दिसले. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याचा उलगडा केला: त्या रांगेतून तप्त रस वर येतो, थिजतो, दोन्ही बाजूंना सरकतो, आणि थिजताना त्या वेळच्या चुंबकत्वाची दिशा स्वतःत गोठवून ठेवतो. म्हणजे समुद्राचा तळ ही स्वतःच एक वही आहे. त्या वहीवरून हे सिद्ध झाले की जमिनीचे खंड सरकतात, आणि आपला भारत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेस सरकत हिमालयाला रेटतो आहे. आपली नखे वाढतात त्याहून थोडा अधिक वेग म्हणा.

रेटणाऱ्या गाड्याच्या सांध्यासांध्यावर ताण येतो, केवळ तोंडाशी नव्हे. हे बोलताना किल्लारीचे नाव घ्यावे लागते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे झोपलेली. मी त्या वेळी शाळकरी मुलगा होतो; आमच्या घरात फळीवरची पितळी भांडी खाली आली एवढेच नुकसान झाले. तिकडे लातूर-उस्मानाबादेत आठ-दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. येथे बसलेल्या कित्येकांचे नातलग त्या गावांत होते, म्हणून अधिक वर्णन करीत नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर हा सर्व प्रदेश सर्वांत निर्धास्त अशा पहिल्या वर्गात होता. का? तर येथे मोठा भूकंप झाल्याची नोंद नव्हती. नोंद नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ लावला गेला. आदल्याच वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यापासून, किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते, आणि लोक ते सांगत होते. पुढे २००२ साली नकाशा बदलला आणि तो पहिला वर्गच काढून टाकण्यात आला.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधन घेतले. त्यात ३३८ मीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा पाषाण लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि मग फार प्राचीन खडक. दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली काय आहे हे त्या एका छिद्राने जितके सांगितले तितके शंभर तर्कांनी सांगितले नसते. या पाषाणाची कड आपल्या भागातूनच जाते. बीदरच्या माथ्यावर तांबडा जांभा, उतारावर काळा पाषाण, आणि दक्षिणेस कलबुर्गीकडे गेलात की ज्याची फरशी पुण्या-मुंबईच्या घरांतही दिसते तो शहाबादी चुनखडक. चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर याच टापूतले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे जमिनीतून गडगड आवाज येऊ लागले, धक्के बसले, एक चार मात्रेच्या वर गेला, आणि लोकांनी कित्येक रात्री अंगणात काढल्या. शास्त्रज्ञांचे एक मत असे आहे की भरपूर पाऊस झाला की पाणी खडकाच्या फटींतून खोल उतरते आणि लहान धक्के बसतात. हे मत किती खरे, हे ठरवावयास काय हवे? भूकंपाचे आलेख तर हवेतच. पण पाऊस किती पडला, कोणत्या विहिरीला कोणत्या वर्षी किती परसांवर पाणी होते, कोणत्या खोलीवर पाषाण लागला, हेही हवे. यंत्रे २०२१ नंतर बसविता येतात. १९८० सालचे पाणी किती खोल होते, ते आता कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही.

आणि येथे मी आपल्या मागच्या खोलीपाशी येतो. त्या खोलीत एक लोखंडी ट्रंक आणि चार पोती जुने दप्तर आहे. सभागृहाच्या रंगरंगोटीबरोबर ती खोली मोकळी करून तेथे भांडीकुंडी ठेवावी, असा ठराव कार्यकारी मंडळापुढे येणार असल्याचे कळते. जागेची अडचण खरी आहे. लग्नसराईत देगा कोठे ठेवाव्यात हा प्रश्न मला ठाऊक आहे. परंतु ट्रंकेत काय आहे ते मंडळाच्या परवानगीने मी गेल्या उन्हाळ्यात पाहिले. ट्रस्टने पहिल्या पंचवीस वर्षांत आजूबाजूच्या खेड्यांत विहिरी खणण्यास व गाळ काढण्यास मदत केली, त्याच्या तीन वह्या आहेत. गाव, विहीर, महिना, किती हात माती, किती मुरूम, कोठे पाषाण, सुरुंग किती, पाणी किती परसांवर. लिहिणारे आपले जुने मुनीम. उर्दू, मराठी आणि मोडी वळणाचे आकडे अशी त्यांची खिचडी आहे. काही पानांवर मजुरांची कन्नड अंगठे-सही. खर्चाचा हिशेब चुकू नये एवढ्यासाठीच त्यांनी हे लिहिले. पण आज त्या वह्या म्हणजे या टापूच्या जमिनीच्या पोटाचा, माझ्या माहितीत, दुसरीकडे न मिळणारा दाखला आहे. चौथी वही १९९३ च्या मदतकार्याची: कोणत्या गावी किती धान्य, किती चादरी, आणि कडेला पेन्सिलीने, कोणती घरे उभी राहिली आणि ती कशाची बांधलेली होती.

काही मंडळी म्हणाली, मास्तर, मोबाइलवर फोटो काढा आणि कागद देऊन टाका. फोटो जरूर काढावेत, परंतु कागद टाकू नयेत. वीस वर्षांपूर्वीच्या चकत्यांवरचे लग्नाचे चित्रीकरण आज कोणाच्या घरी चालते, हात वर करा पाहू. मोठमोठ्या केंद्रांतही जुन्या चुंबकीय फितींवरील आकडे वाचण्याची यंत्रे उरली नाहीत म्हणून हाल झाले. कुलाब्याचा कागद मात्र दीडशे वर्षांनी वाचता आला. तसेच वही घेऊन नुसती कोठेतरी पाठवून दिली की झाले, असेही नाही. गावांची नावे बदलली आहेत, ‘पाटलाची विहीर’ तीन गावांत आहे, आणि ‘हात’ म्हणजे किती इंच हे लिहिणाऱ्याबरोबर गेले. हे सांगू शकतील अशी दोन-तीनच बुजुर्ग माणसे आज पहिल्या रांगेत बसलेली आहेत. त्यांच्याकडून ते आताच लिहून घेतले पाहिजे. आकड्याबरोबर आकड्याची कैफियत नसेल तर आकडा मुका असतो.

एका बाबतीत मात्र मी कुलपाच्या बाजूचा आहे. १९९३ च्या वहीत मदत घेणाऱ्या घरांची नावे आहेत. कोणाच्या दारी किती पायली ज्वारी गेली हे त्यांच्या नातवंडांनी चारचौघांत वाचावे, असे मला वाटत नाही. गाव, घराची बांधणी, पडझड हे द्यावे. नावे झाकून ठेवावीत, आणि ज्या घरांची ती आहेत त्यांनी स्वतः मागितली तर त्यांना दाखवावीत.

तेव्हा मंडळाला माझी विनंती एवढीच आहे की खोली मोकळी करावी, पण ट्रंक शाळेच्या कपाटात यावी. तीन विहिरवह्यांच्या दोन नकला व्हाव्यात, एक कलबुर्गीच्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेकडे, त्यांनी स्वीकारली तर. आमच्या नववीच्या मुलामुलींनी नक्कल करण्यास सुरुवात केली आहे. मुनीमजींचा उर्दू पाचाचा आकडा त्यांना प्रथम शून्य वाटे. आता त्या सरावल्या आहेत, मुलगे अजून अडखळतात. दुसऱ्या वहीची ३१ ते ३८ ही पाने मिळत नाहीत. शिवण उसवून ती सुटी झालेली दिसतात. कोणाच्या घरी जुन्या कागदांत, कपाटाच्या तळाशी अंथरलेली, अशी निळ्या शाईची लांबट पाने असतील तर ती कशीही असोत, फाटकी असोत, जुम्म्याच्या दुपारनंतर मी शाळेत असतो, तेथे आणून द्यावीत.